स्पॅनिशमध्ये ‘बोलू नकोस’, ‘खाऊ नका’ कसं म्हणायचं? आज्ञेच्या आधी नुसतं ‘नो’ लावलं तर चालतं का?

नाही चालत. मी तेच करून तोंडावर आपटलोय. माद्रिदला शिकायला होतो तेव्हा फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘नो कोमे’. ‘कोमे’ म्हणजे ‘खा’, मग ‘नो कोमे’ म्हणजे ‘खाऊ नकोस’, असा माझा साधा हिशोब. रूममेट विचारतो, ‘कोण खात नाही?’ कारण ‘नो कोमे’ म्हणजे ‘तो खात नाही’. लिहायला हवं होतं ‘नो कोमास’. तोवर डबा निम्मा झाला होता.

नियमित क्रियापदाचं वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि उलटा स्वर लावा. म्हणजे मूळ रूप ‘आर’ने संपणाऱ्यांना ए, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना आ. आब्लार म्हणजे बोलणे: आब्लो, नो आब्लेस. एस्क्रिबिर म्हणजे लिहिणे: एस्क्रिबो, नो एस्क्रिबास. ही झाली ‘तू’ची रूपं. आदराने एकालाच सांगायचं तर शेवटचा ‘स’ गाळा: नो आब्ले, नो कोमा. अनेकांना: नो आब्लेन, नो कोमान. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला मात्र नो आब्लेइस, नो कोमाइस म्हणतात; लॅटिन अमेरिकेत जाणार असाल तर हे सोडून द्या.

पुस्तकात याला सबजंक्टिव्ह म्हणतात. नावाला बिचकू नका. आपण तरी ‘बोल नको’ कुठे म्हणतो? आपल्याकडेही नकार आला की ‘बोल’चं ‘बोलू’ होतंच. आणि गंमत बघा: ‘बोल’, ‘आब्ला’ यांत ‘स’ नाही, ‘बोलू नकोस’, ‘नो आब्लेस’ म्हटलं की दोन्हीकडे शेवटी ‘स’ हजर. निव्वळ योगायोग आहे, पण हे लक्षात आल्यापासून माझा ‘स’ कधी राहिला नाही.

एक खाचखळगा सर्वनामांचा. ‘कोमेलो’ म्हणजे ‘ते खा’. नकारात हे ‘लो’ शेपटीतून निघून क्रियापदाच्या आधी येतं: ‘नो लो कोमास’.

भिंतीवर ‘नो फुमार’ (धूम्रपान करू नये), ‘नो तोकार’ (हात लावू नये) अशा पाट्या दिसतील आणि वाटेल, इथे तर रूप बदललंच नाही! ते कोणा एकाला उद्देशून नसतं, म्हणून मूळ क्रियापदच ठेवतात. आपल्या ‘येथे थुंकू नये’च्या जातीचं आहे ते.