‘आपोआप आल्या तर माझा दोष नाही’

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पालकांशी बोलण्याचे काम मी करते, आणि एक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो : ‘कांजिण्या आपल्या सगळ्यांनाच येऊन गेल्या, मग लस कशाला?’ सरकारी लसीकरणात ही लस नाही, ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते. त्यामुळे निर्णयाचा भार घरच्यांवर, बहुधा आईवर, येऊन पडतो.

अशाच एका आईशी झालेले बोलणे, ओळख पटू नये इतके बदलून, सांगते. मुलगा सव्वा वर्षाचा. सासूबाईंचे म्हणणे, ‘एकदा आल्या की जन्माची सुटका’. शिवाय लसीने नागीण होते, असे कोणीतरी मोबाइलवर पाठवलेले. मी आकडे दिले. अमेरिकेत १९९५ साली लस सुरू होण्यापूर्वी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत आणि १०० ते १५० माणसे दगावत; पुढे रुग्णसंख्या ९७ टक्क्यांहून अधिक घटली. लस घेतलेल्या मुलांत नागीणही कमीच आढळते. त्या ऐकत होत्या, पण पर्सची चेन सतत उघडत-मिटत होत्या.

दुसऱ्या भेटीत मी आकडे बाजूला ठेवले. “लस दिली आणि बाळाला ताप आला तर?”

“तर मी दिली म्हणून आला.”

“आणि कांजिण्या आल्या तर?”

“त्या काय, आल्या. त्याला कोण काय करणार?”

चेन थांबली. माणसाला घटनेपेक्षा घटनेविषयी तो मनात म्हणत असलेले वाक्य अधिक छळते, असे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे, आणि ते वाक्य त्या क्षणी आम्हा दोघींनाही ऐकू आले : केले तर दोष, आपोआप झाले तर नशीब. नागिणीची भीती या वाक्याच्या आडोशाला उभी होती. पालकांना आधी माहिती द्यावी की आधी हे वाक्य ऐकावे, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

मग मी विचारले, “घरात कांजिण्या न झालेले कोण आहे?”

“नणंद. भावंडांना एकदम उठल्या होत्या, हिला आल्याच नाहीत.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “दोन महिन्यांनी बाळंतपणाला येतेय ती.”

गरोदरपणी ही लस देत नाहीत, तान्ह्या बाळालाही देत नाहीत. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला कांजिण्या उठल्या, तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. ‘आल्या तर मुलाला वेगळे ठेवू’ हा उपायही अपुरा, कारण पुरळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच लागण पसरते. म्हणून अमेरिकेत ज्यांना लस मिळतच नव्हती त्या वर्षाआतल्या बाळांतही हा आजार सुमारे ९० टक्क्यांनी घटला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते; शेजारच्या मुलांनी लस घेतली, एवढेच त्यामागचे कारण.

तिसऱ्या भेटीला सासूबाईच नातवाला मांडीवर घेऊन आल्या. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून घेताना त्यांनी विचारले, “लेकीला बाळंतपणानंतर घेता येईल का हो? अंगावर पाजत असली तरी?”

“येते,” मी म्हणाले, आणि त्यांनी ते सुनेला लिहून ठेवायला सांगितले.