अर्काने जंतू मेले, आता पुढे काय?

घाटातून आणलेल्या पानांच्या मेथॅनॉल अर्काने स्टॅफिलोकोकस या जंतूच्या प्लेटवर जंतू न वाढलेलं १४ मिमीचं वलय दिसलं, गाईड म्हणतात पेपर लिहायला घे, आणि तुम्ही विचारताय की 'नवीन औषध' म्हणायला हरकत आहे का. आहे. मुळात जंतू मेथॅनॉलनेच तर मेले नाहीत ना हे बघायला नुसत्या मेथॅनॉलची डिस्क (कागदी चकती) त्याच प्लेटवर ठेवली होती का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

ठेवली होती असं धरून चालू. तरी मिलिमीटरवर विसंबू नका. प्लेटमधल्या अगारमधून, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीतून, पदार्थ किती पसरतो यावर वलय ठरतं. तेलकट किंवा मोठा रेणू जागचा हलत नाही, मग जहाल असूनही वलय एवढंसं. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क पातळ करत नेऊन एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. ती १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मिलिग्रॅममध्ये गेली तर माझ्या मते झाड बदला.

हिरव्या अर्कात जंतू वाढल्याचा गढूळपणा कळत नाही म्हणून सगळेच रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालतात. जिवंत जंतू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. गोची अशी की वनस्पतीतली काही द्रव्यं जंतू नसतानाही तेच करतात, आणि चांगला अर्क निकामी ठरतो. म्हणून अर्क आणि माध्यम आहे पण जंतू नाहीत, असा एक खळगा प्रत्येक मात्रेला हवाच.

उलटी फसवणूक टॅनिनची, म्हणजे वनस्पतीतल्या तुरट द्रव्यांची. ती प्रथिनांना चिकटतात आणि बऱ्याच चाचण्यांत खोटा 'गुण' दाखवतात. अर्क टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिअमाइडच्या कॉलममधून काढून पुन्हा तपासा. गुण गायब झाला तर संशय टॅनिनवर. हळदीतलं कर्क्युमिनही असंच बेभरवशाचं: स्वतःच चमकून मोजणी बिघडवतं, भलत्याच प्रथिनांना धरतं. त्याच्यावर पेपरांचा ढीग पडलाय, पण हे सांगितलं की लोक चिडतात.

यातून अर्क तरला तर खरं काम सुरू होतं. हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, ब्युटेनॉल, पाणी या द्रावकांत त्याचे भाग पाडा, प्रत्येक भाग तपासा, गुण ज्यात उतरला तो पुन्हा फोडा. सुंदर स्फटिक मिळाले म्हणून त्यांच्या मागे लागू नका. गुण जाईल तिकडे जा. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर हेच करत होते. कॅम्प्टोथिका या चिनी झाडाचा अर्क फोडायचा, प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर तपासायचा, मग पुढची पायरी. त्यातून १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगाविरुद्धचा रेणू आला. याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉल (हेही पुढे कर्करोगाचं औषध झालं) जाहीर केलं, तेव्हा १२ किलो वाळलेल्या सालीतून हाती आलं होतं जेमतेम अर्धा ग्रॅम.

कॅम्प्टोथेसिनचं पुढचं प्रकरण मुळातून वाचा. ते पाण्यात विरघळेना, म्हणून सोडियम क्षार करून १९७०च्या सुमारास रुग्णांना दिलं. पण क्षार करताना रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडतं, आणि गुण त्या बंद कड्यातच होता. वर मूत्राशयातल्या आम्लात ते पुन्हा मिटायचं आणि तिथेच रक्तस्राव व्हायचा. चाचण्या थांबल्या. हा रेणू पेशीत डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला पकडतो हे १९८५ मध्ये कळलं, तेव्हा कुठे पुन्हा जोर आला. त्यापासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे शुद्ध रेणू हातात येऊनही तीस वर्षं. तुमच्याकडे अजून फक्त अर्क आहे, तेव्हा माणसाच्या निरोगी पेशींवर आणि तांबड्या पेशींवर तो किती घातक आहे तेही आत्ताच बघून घ्या. जंतू साबणानेही मरतात.

झाडाचं नाव तुम्ही दिलं नाहीत, ते चांगलं केलंत. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे हे १९७२ मध्ये छापून आलं आणि पुढे त्याची चोरटी तोड झाली. मात्र वाळवलेला नमुना फुलाफळासकट पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळख पटवून जमा करा, क्रमांक घ्या. अर्क परदेशी लॅबला पाठवायचा असेल तर त्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा. एमआयसी आली की आकडे इथे टाका, नुसत्या मेथॅनॉलच्या खळग्याचेसुद्धा.