धुळ्याच्या थंडीतून कोकणात: पहिल्या मुक्कामापूर्वी

आपण डिसेंबरात मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन धुळ्याची थंडी टाळण्यासाठी कोकण किनाऱ्यावर राहणार आहात, तेव्हा आधी विजेचा हिशेब करावा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सुमारे १२०० वॅट-तास वीज मावत असली, तरी ती वारंवार निम्म्याहून अधिक उतरवल्यास तिचे आयुष्य घटते; म्हणून ६००च हाताशी धरावेत आणि भरिताची वांगी गॅसवरच भाजावीत (चव काट्यांच्या जाळावरचीच खरी, पण इलाज नाही). खिडक्या गच्च लावून शेगडी पेटती ठेवून मात्र कदापि झोपू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, म्हणून टाकी घाट उतरल्यावरच भरावी. खाऱ्या हवेने माझ्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या एकाच हंगामात गंजल्या. आपण गाडी आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावी.