नदीकाठच्या गावात किराणा दुकान टाकतोय. ऊन आणि पुराची काय तयारी ठेवू?

भाऊ, वणी तालुक्यात वर्धेच्या काठाजवळ माझं किराणा दुकान आहे, म्हणून लिहितो. मालाचं नंतर सांगतो, आधी उधारीची वही सांभाळा.

2022 च्या जुलैत पूर आला त्या रात्री पाऊस उघडला होता, म्हणून आम्ही निवांत झोपलो. पण अप्पर वर्धा, लोअर वर्धा, बेंबळा या धरणांचं पाणी सुटलं की नदी चढते आणि तिचा फुगवटा आमच्या नाल्यातून उलटा गावात शिरतो. पहाटे तीनला शेजाऱ्याने शटर वाजवलं तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. मी आणि बायकोने साखर-पोह्याची पोती माळ्यावर चढवली, तेलाचे डबे ओट्यावर ठेवले. गल्ल्याखालच्या खणातली वही कोणाच्याच ध्यानात आली नाही. पाणी ओसरल्यावर पाहिली तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि जेल पेनने लिहिलेल्या नावांचे निळे डाग झालेले.

जुलैत उधारी सगळ्यात जास्त असते. पेरणीत पैसा गेलेला, आणि गिऱ्हाईक देणार ते सोयाबीन-कापूस विकल्यावर, दसरा-दिवाळीला. माझी जितकी उधारी बुडाली तितका मालही भिजला नव्हता. बरेच जण स्वतः येऊन आपला आकडा सांगून गेले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांना आठवतच नव्हतं, त्यांच्याशी भांडून काय करणार? आता साध्या बॉलपेनने लिहितो, आणि रोज रात्री दुकान बंद करताना त्या दिवसाच्या पानाचा फोटो मुलीला पाठवतो. ती नागपूरला शिकते.

दुसरी चूक मी केली ती घाईची. पंचनामा व्हायच्या आधीच चिखल धुऊन माल फेकला, मग दाखवायला काही उरलं नाही. आधी फोटो काढा, खरेदीची बिलं घरी उंचावर ठेवा आणि दुकानाची नोंदणी करूनच घ्या. 2023 च्या अतिवृष्टीनंतर सरकारने दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती, पण अशा वेळी कागद लागतातच. विम्यात ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी छोट्या धंद्यासाठी आहे, पूर त्यात धरलेला असतो. पावसाळ्याआधीच काढा.

जून ते सप्टेंबर मीठ, साखर, बेसन लागेल तेवढंच भरा. ठोकात स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो, मलाही होतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात: मे महिन्यात पारा 45 वर जातो. टिनावर चुन्याचे दोन हात मारा, दुकान सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर चालवा. मालाची गाडी सकाळीच मागवा. भर दुपारी पोती उतरवताना आमच्याकडचा पोरगा चक्कर येऊन पडला होता, त्याला दवाखान्यात नेताना माझे हातपाय गळाले होते. तेव्हापासून दुपारची गाडी मी परत पाठवतो.

जागा पक्की केली नसेल तर आधी गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं ते. माझ्या भिंतीवर ती खूण लाल रंगाने केली आहे, गुडघ्याच्या चार बोटं वर. त्याखालच्या फळीवर आता फक्त बादल्या, झाडू आणि दोर असतात.