चिकटपट्टीचा तुकडा

उजळाईवाडी, कोल्हापूर

प्रिय पोरी,

रात्री साडेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. ‘काका, वीस वर्षांनी विमानात पायलटच नसणार म्हणतात. मग बाबांनी गाळा गहाण टाकून मला कशाला शिकवायचं?’ मोबाईलवर दोन ओळी खरडून मोकळा झालो असतो. पण उद्यमनगरातला गाळा काही दोन ओळींत गहाण पडत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेव. मी पायलट नव्हे. चौतीस वर्षं मुंबईत विमानं दुरुस्त केली, ‘विमान उडायला योग्य’ म्हणून सह्या केल्या आणि ग्रीस लागलेल्या हातांनी डबा खाल्ला. त्यामुळे मी सांगेन ते हँगरच्या, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या शेडच्या, बाजूने सांगेन. कॉकपिटातल्या माणसाचं मत वेगळं असू शकतं.

लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या जंबोमध्ये दोन पायलटांच्या मागे तिसरा माणूस बसायचा, फ्लाइट इंजिनिअर. समोर भिंतभर घड्याळं, आणि इंजिनाची नाडी त्याच्या हातात. त्याच्याही आधी नकाशा बघणारा नेव्हिगेटर असायचा, रेडिओवाला असायचा. सगळे गेले. माझ्या ओळखीचे दोन फ्लाइट इंजिनिअर चाळिशीत घरी बसले, आणि विमानं त्यामुळे काही जास्त पडली नाहीत. आपोआप उतरणंही नवं नाही. प्रवासी घेऊन निघालेलं विमान लंडनला १९६५ मध्येच यंत्राने उतरलं होतं. आज बहुतेक उड्डाणांत पायलटच्या हातात विमान असतं ते सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं. मधला वेळ तो राखणदार असतो. तेव्हा ‘यंत्राला जमत नाही’ असं कोणी छाती काढून सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. यंत्राला जमतं, आणि पुष्कळदा माणसापेक्षा बरं जमतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्राला कळतं ते कुठून कळतं?

१९९८ च्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. घरी आजवर कोणाला सांगितलेली नाही. रात्रपाळीत एक विमान धुवायचं होतं. विमानाच्या अंगावर नाण्याएवढ्या जागेत बारीक छिद्रं असतात, स्टॅटिक पोर्ट म्हणतात त्यांना. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो आणि त्यावरून विमान किती उंचीवर आहे, किती वेगाने चाललं आहे, हे ठरतं. धुताना पाणी जाऊ नये म्हणून ती झाकायची आणि काम झालं की उघडायची. डाव्या बाजूच्या पट्ट्या मी स्वतः काढल्या. उजवीकडच्या दुसऱ्याने काढल्या असतील असं धरून चाललो आणि सही ठोकली. पहाटे कॅप्टन आला. पाऊस रिपरिपत होता. एका हातात टॉर्च, एका हातात छत्री. तो विमानाला चक्कर मारताना नुसता बघत नव्हता, अंगठा फिरवत होता, बाजारात बैल घेणारा शेतकरी फिरवतो तसा. एका ठिकाणी अंगठा थांबला. नखाने कोपरा उचलून त्याने रुपेरी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा सोलून काढला, माझ्यासमोर धरला आणि एवढंच विचारलं, ‘हे तुमचं का?’

मी मान हलवली. त्याने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढच्या चाकाकडे गेला. वर कळवलं ते मीच कळवलं. तीन महिने माझी सही बंद होती, आणि ते बरोबरच होतं.

हे घडलं त्याच्या दोनच वर्षं आधी, २ ऑक्टोबर १९९६ ला, पेरू देशात लिमाहून रात्री निघालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात पडलं होतं. ७० माणसं होती, एकही वाचला नाही. कारण हेच. धुण्याच्या वेळी लावलेल्या पट्ट्या तशाच राहिल्या. कॉकपिटात एकाच वेळी ‘वेग फार जास्त’ आणि ‘वेग फार कमी’ अशा दोन्ही सूचना वाजत होत्या. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. पायलटांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला उंची विचारली. त्याने पडद्यावर बघून सांगितलं, ९,७०० फूट. थोड्याच वेळात पंख पाण्याला लागला. नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारी उंची त्याच विमानाने पाठवलेली होती, त्याच झाकलेल्या छिद्रांतून आलेली. खोटं बोलणाऱ्याचीच साक्ष काढली म्हण ना.

तेव्हापासून विमानाची बातमी आली की मी आधी एवढंच शोधतो, की यंत्राचे डोळे शाबूत होते का. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस पडलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत, म्हणजे पिटो ट्यूबमध्ये, बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे जुळेनात, म्हणून विमान आपोआप चालवणाऱ्या ऑटोपायलटने हात वर केले आणि विमान पायलटांच्या हवाली केलं. इथवर यंत्र प्रामाणिक होतं. पण उजवीकडच्या पायलटने स्टिक मागे ओढली आणि ओढूनच धरली. नाक वर गेलं, पंखांची उचल संपली, विमान ३८,००० फुटांवरून बसकण मारत खाली आलं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत साधारण साडेचार मिनिटं. आणि यातला एक बारकावा मला अजून छळतो. वेग फारच कमी झाला की संगणक ते आकडे खोटे समजून स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपल्याचा, इशारा बंद करायचा. त्यामुळे पायलट नाक खाली घालून योग्य ते करू लागला की इशारा वाजायचा, आणि चुकीचं केलं की शांतता. अशा वेळी तू असतीस तर काय केलं असतंस?

याला माणसाची चूक म्हणायचं का यंत्राची? मला वाटतं, वाटणी चुकली. रोज यंत्राने चालवायचं आणि त्याला काही समजेनासं झालं की मध्यरात्री, वादळात, दचकून उठलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. तुझ्या बाबांच्या गाळ्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर धातू कापणारी मशीन, आली तेव्हा काय झालं ते आठव. प्रोग्रॅम बिनचूक होता, पण ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा, चुकीचा भरला गेला आणि टूल जॉबमध्ये घुसायला लागलं. पोरगं पडद्याकडे बघत उभं होतं. तिकडून जुन्या लेथवरचे मामा ओरडत आले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. त्यांना पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण धातू कापला जातानाचा आवाज बदललेला कळला. आता गोम अशी की मामांचा कान तीस वर्षं हाताने लेथ चालवून तयार झाला होता. त्या पोराने हँडल कधी फिरवलंच नाही, तर त्याचा कान कशाने तयार व्हायचा?

बोइंग ७३७ मॅक्सचं प्रकरण तर हँगरवाल्याला लाज आणणारं. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात, मिळून ३४६ माणसं. विमानाच्या नाकाजवळ हवेचा कोन मोजणारी दोन पाती होती, पण नाक खाली दाबणारी यंत्रणा एका वेळी एकाच पात्याचं ऐकायची. ते पातं चुकलं आणि यंत्रणा पुन्हा पुन्हा विमान खाली दाबत राहिली. पहिल्या अपघातापर्यंत पायलटांच्या पुस्तकात तिची माहितीच नव्हती. इंडोनेशियातल्या त्याच विमानाने आदल्या रात्री हाच त्रास दिला होता. त्या रात्री कॉकपिटात तिसरा, फुकट बसून चाललेला पायलट होता. पायलटांनी विद्युत ट्रिम, म्हणजे नाक वर-खाली सावरणारी विजेची मोटर, बंद केली आणि विमान सुखरूप उतरलं. पण लॉगबुकात पुरतं लिहिलं गेलं नाही. सकाळच्या पायलटांना अर्धीच गोष्ट मिळाली.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तू म्हणशील काका एकांगी बोलतात. १ जुलै २००२ ला जर्मनीच्या आभाळात दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. रशियन विमानातलं यंत्र सांगत होतं ‘वर जा’, जमिनीवरचा नियंत्रक सांगत होता ‘खाली या’. पायलटांनी माणसाचं ऐकलं. ७१ जीव गेले, त्यात कितीतरी शाळकरी पोरं. तेव्हापासून नियम पक्का आहे. टक्कर टाळणारं यंत्र आणि नियंत्रक यांच्यात मतभेद झाला तर यंत्राचं ऐकायचं. मंगळूरला २२ मे २०१० ला १५८ माणसं गेली, तिथेही यंत्र ओरडत होतं. शेजारचा सहपायलटही ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, म्हणाला, एकदा नाही, तीनदा. उड्डाणात बराच वेळ झोपलेल्या कॅप्टनने उतरायचंच ठरवलं होतं.

त्या सहपायलटचा विचार मी फार करतो. आपल्या घरांत ‘मोठ्यांच्या तोंडाला लागू नये’ हे बाळकडू. तू तर जेवताना बाबा चुकीचं बोलले तरी वाटीत बघत बसतेस. ही सवय कॉकपिटात नेलीस तर चालणार नाही. तीनदा सांगूनही ऐकलं नाही तर चौथ्यांदा हात घालावा लागतो. हे फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतात, पण अंगात मुरतं ते घरातच. सुरुवात बाबांपासून कर, मी सांगितलं म्हणून सांग.

तर माझं मत असं. एक पायलट कमी करायची धडपड चालू आहे, पगार वाचतो म्हणून. समुद्रावरच्या लांब पल्ल्यात एकाने झोपायचं, एकाने बघायचं, अशी कल्पना युरोपात बरीच वर्षं तपासली गेली. २०२५ मध्ये तिथल्या विमानसुरक्षा संस्थेने सांगितलं की आजच्या कॉकपिटांत दोघांइतकी सुरक्षितता यातून मिळते हे दाखवता येत नाही. उद्या येईल, मालवाहू विमानांत आधी येईल. पण तुझी उमेदवारी संपून तू कॅप्टन होईपर्यंत प्रवासी विमानातल्या दोन खुर्च्या रिकाम्या होतील असं मला वाटत नाही. विमानाला मर्यादेत ठेवण्याची मुभा यंत्राला द्यावी, हे माझंही म्हणणं आहे. न्यूयॉर्कला पायलटने हडसन नदीवर विमान उतरवल्याचं उदाहरण तू मला देशीलच, सगळे देतात. पण तिथेही वेग घटत असताना विमान स्टॉल होऊ नये याची काळजी संगणक घेत होता. फक्त अखेरचा निवाडा करणारा माणूस तिथे असावा, आणि त्याचा हात चालता असावा.

शिकायला गेलीस तर ऑटोपायलट लवकर लावायची घाई करू नकोस. परवानगी असेल, हवा चांगली असेल, तेव्हा हाताने उडव. नाक किती वर आणि इंजिनाला किती ताकद दिली तर वेग किती राहतो, हे आकडे पाठ कर. वेगाचं घड्याळ मेलं तरी विमान त्या दोन आकड्यांवर उडतं. आपल्याकडे येणाऱ्या एटीआर विमानात तर इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा थ्रॉटल आपोआप हलत नाही, हातानेच द्यावा लागतो. सुरुवातीला असं विमान मिळालं तर तोंड वाकडं करू नकोस.

पैशांचं. फी भरण्याआधी डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचं, क्लास टू मेडिकल कर, मग क्लास वन. पैसे भरल्यावर डोळ्यांत दोष निघालेली पोरं मी पाहिली आहेत. बाबांना सांग, मेडिकलचा कागद हातात येईपर्यंत गाळ्याच्या कागदांना हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी इकडे विमानतळापाशी ये. विमान उतरलं की पुन्हा निघण्याआधी एक पायलट खाली येऊन विमानाला चक्कर मारतो. कुंपणाबाहेरून नीट दिसत नाही, मी दुर्बीण घेऊन येतो. तो नुसता बघतो का अंगठा फिरवतो, ते मला सांग.

तुझा,
काका