कुजलेल्या पानांवरची पांढुरकी छत्री : अळंबी की भूछत्र?

रावेर तालुक्यात पालजवळच्या सागाच्या जंगलात पावसाळ्यात कुजलेल्या पानांवर फिकट छत्र्या उगवतात; त्यांना लेखनात अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री की बुरशी म्हणावे, असा प्रश्न तिकडच्या एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते येथे 'भूछत्र' हाच शब्द योग्य आहे.

'अळंबे' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'अळंबी' हे त्याचे अनेकवचन, जसे केळे आणि केळी. आज मात्र 'अळंबी' स्त्रीलिंगी एकवचन म्हणूनही रूढ झाले असल्याने 'ही अळंबी' लिहिण्यात काही गैर नाही. खरी अडचण अर्थच्छटेची आहे. 'अळंबी लागवड', 'धिंगरी अळंबी', 'अळंबीची भाजी' अशा प्रयोगांमुळे या शब्दाला स्वयंपाकघराचा संबंध जडला असून, ओळख न पटलेल्या रानातल्या छत्रीला तो लावल्यास ती खाण्याजोगी आहे असा समज होऊ शकतो. हा धोका किरकोळ मुळीच नाही, कारण सर्वांत विषारी भूछत्रांपैकी काही अगदी शुभ्र असतात. उलट 'कुत्र्याची छत्री' म्हटले की ती टाकाऊ आहे असा निकाल तपासणीआधीच लागतो. 'भूछत्र' केवळ रूप सांगते.

'बुरशी' म्हटले की शिळ्या भाकरीवरचा थर आठवतो, म्हणून तो शब्द येथे नको. पाचोळ्याच्या थरात पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरलेले असते, त्याला कवकजाल म्हणतात. ते पाने कुजवून त्यांतून अन्न घेते आणि पुरेशी ओल मिळाली की बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, पसरवण्यासाठी भूछत्र वर काढते. म्हणजे भूछत्र हे एक अंग झाले. संपूर्ण जीवाला 'कवक' म्हणावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्यासोबत वर्ज्य ठरवलेली 'कवकानि' म्हणजे या छत्र्याच होत, पण आजच्या परिभाषेत 'कवक' शब्दात यीस्टदेखील येते.

विशेषणांबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. 'फिकट' या शब्दाला सहसा एखाद्या रंगाची जोड लागते, जसे फिकट पिवळा. शुभ्र नसलेल्या पांढऱ्या छटेला 'पांढुरका' अधिक नेमका आहे. तसेच फळे सडतात, पाला कुजतो. त्यामुळे या छत्र्यांचे वर्णन करणारे वाक्य असे लिहावे : 'सागाच्या कुजलेल्या पाल्यावर पांढुरकी भूछत्रे उगवली होती.'