दू मूच्या ओळीत न लिहिलेला 'जर'

प्रश्न असा आहे: थांग काळातला चिनी कवी दू मू याच्या 'तांबडा कडा' या चार ओळींच्या कवितेत तिसरी ओळ शब्दशः 'पूर्वेच्या वाऱ्याने चौ यूला साथ दिली नाही' अशी निघते. पण चौ यू हा दक्षिणेचा सेनापती, आणि इतिहासात ती लढाई तोच जिंकला. मग चूक कवीची की अर्थ लावणाऱ्याची?

कवीची नक्कीच नाही. त्या ओळीत 'जर' आहे, फक्त तो लिहिलेला नाही.

ओळीत सातच अक्षरं आहेत: पूर्व, वारा, नाही, देणे, चौ, लांग, सोय. ('लांग' म्हणजे तरुण, देखणा गडी; चौ यूला लोक कौतुकाने 'चौ लांग' म्हणत.) मराठीत संकेतार्थ, म्हणजे जर-तरचा अर्थ, क्रियापदातच कळतो. 'वारा फिरला नाही' आणि 'वारा फिरला नसता' यांत गल्लत होत नाही. 'जर' गाळला तरी 'नसता' सगळं सांगून जातो. चिनी क्रियापदाचं रूप मात्र बदलत नाही. 'जर'साठी तिथे शब्द आहेत, पण इतक्या आखूड ओळीत कवी तो सर्रास सोडतो आणि वाचणारा प्रसंगावरून भरतो.

प्रसंग तर त्या वाचकांना तोंडपाठ होता. इ.स. 208 च्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर, तांबड्या कड्यापाशी, उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याचं आरमार एकमेकांना खेटून उभं होतं. चौ यूच्या बाजूने पेटती गलबतं सोडली गेली, आग्नेयेचा वारा जोरात होता आणि आरमार जळून गेलं. दू मू सहाशेहून अधिक वर्षांनी लिहितो आहे. पहिल्या दोन ओळींत वाळूत रुतलेलं मोडकं शस्त्र सापडतं, लोखंड अजून शाबूत असतं, आणि तो ते घासूनपुसून मागच्या राजवटीचं आहे हे ओळखतो. हातात पुरावा असलेला माणूस पुढच्याच ओळीत निकाल उलटा कसा सांगेल?

चौथ्या ओळीत 'कांस्यपक्षी, वसंत, खोल, कोंडणे, दोन छ्याव' असे शब्द येतात. कांस्यपक्षी हा त्साओ त्साओचा मनोरा. छ्याव बहिणींपैकी थोरली दक्षिणेच्या दिवंगत सरदार सुन त्सची बायको, धाकटी चौ यूची. सोंग काळातल्या शू यी या टीकाकाराने दू मूला झोडपलं: राज्य जाईल, प्रजा मरेल, याची फिकीर नाही, काळजी दोन बायकांची! मला हे वाचन फार कोतं वाटतं. अठराव्या शतकातल्या दरबारी ग्रंथसूचीकारांनी त्याला नेमकं उत्तर दिलं: या दोघी शत्रूच्या हाती लागल्या, म्हणजे राज्य बुडालं हे वेगळं सांगायला नको.

मनोरा 210 मध्ये, लढाईनंतर बांधला गेला, म्हणून काहीजण कालविपर्यास दाखवतात. पण ओळच न घडलेल्या भविष्याची आहे. लढाई हिवाळ्यातली आणि ओळीत वसंत आहे, तोही याच हिशेबात बसतो. 'वसंत खोल' म्हणजे ऐन भरातला, सरत आलेला वसंत.

मी शेवटच्या दोन ओळी अशा वाचतो:

पूर्वेचा वारा चौ यूच्या कामी आला नसता,
तर भरल्या वसंतात कांस्यपक्ष्याच्या मनोऱ्यात दोघी छ्याव कोंडल्या गेल्या असत्या.